मिनिट कुणाचं?

“मग हे मिनिट कुणाचं धरलास?” एवढंच विचारून आप्पा कप विसळायला आत गेले. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत एक-दोन माग अजून खडखडत होते, आणि माझ्या टेबलावरच्या पडद्यावर, घरबसल्या विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये, एअरबस ए३२० दिल्लीच्या पार्किंगमध्ये उभी होती. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, यायची तयारी चालली होती. मार्ग भरून झाला होता, वजन भरलं होतं, उंची ३६,००० फूट ठरली होती, आणि ‘कॉस्ट इंडेक्स’च्या रकान्यात मी नेहमीप्रमाणे ३० टाकले होते. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. सिम्युलेटरमधलं बाकी काही ते विचारत नाहीत, पण आकडा दिसला की विचारतात. “हे तीस कसलं?” मी सांगितलं, एक मिनिट वाचत असेल तर त्यासाठी तीस किलोपर्यंत इंधन जाळायला हे विमान तयार आहे, असा त्याचा अर्थ. त्यापेक्षा जास्त जळणार असेल तर ते मिनिट सोडून द्यायचं. आप्पांनी मान हलवली. त्यांना हिशेब लगेच कळला, माझ्या कितीतरी मित्रांपेक्षा लवकर कळला. आणि मग त्यांनी तो प्रश्न टाकला.

उड्डाण मी केलं. वाटेत नागपूरच्या पश्चिमेकडून दक्षिणेला येताना, पडद्यावरचं ऊन कलत असताना, प्रश्न डोक्यात तसाच राहिला. विमानात खोटे प्रवासी, खोटे कर्मचारी, टाकीत खोटं इंधन. मिनिट मात्र खरं होतं, कारण मी खुर्चीत बसून ते घालवत होतो. पण ३० हा आकडा माझ्या मिनिटाचा नव्हता. तो कुठल्यातरी यादीतून आला होता, अमुक कंपनी अमुक विमानाला अमुक आकडा वापरते अशा यादीतून. आम्ही सिमर, म्हणजे सिम्युलेटरवर उडणारी मंडळी, असे आकडे फार श्रद्धेने जपतो. सिमब्रीफ या संकेतस्थळावर उड्डाणाचा आराखडा काढताना तो रकाना येतो, आपण पाठ असलेला आकडा टाकतो आणि पुढे जातो. विमानाच्या दरवाजाचा आवाज खरा आहे का, पंखावरची अक्षरं बरोबर आहेत का, यावर तासन् तास बोलणारे लोक या एका आकड्यावर फारसे थांबत नाहीत. मला हे खटकतं, कारण त्या अख्ख्या पानावर असा एकच आकडा आहे ज्यात माणसाचं मत मागितलेलं आहे. बाकीचं सगळं वजन, वारा, अंतर, म्हणजे निसर्गाने किंवा तिकीटखिडकीने ठरवलेलं.

हिशेब तसा सरळ आहे. वेळेमुळे वाढणारा खर्च भागिले इंधनाचा दर. एअरबसमध्ये तो मिनिटाला किती किलो अशा मापात असतो, म्हणून आप्पांना सांगायला सोपं गेलं. इंधन किलोला १०० रुपये धरलं तर ३० म्हणजे मिनिटाला ३,००० रुपये. आकडा शून्य टाकला की विमान म्हणतं, वेळेला काहीच किंमत नाही, मी कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त लांब जाईन अशा वेगाने उडतो. ए३२० मध्ये तो आकडा ९९९ पर्यंत जातो, आणि तिथं विमान म्हणतं, इंधनाला काही किंमत नाही, मर्यादेत बसेल तेवढं पळतो. बोईंगचं माप वेगळं आहे, तासाला शंभर पौंडांच्या पटीत. त्यामुळे एअरबसचे ३० म्हणजे बोईंगचे साधारण ४० होतात. ७३७ मध्ये मर्यादा ५००, तर ७७७ मध्ये ९९९९. एका विमानाचा आकडा उचलून दुसऱ्यात टाकणारे कितीतरी जण हे मापच बघत नाहीत.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन ही विमान कंपन्यांची झोप उडवणारी गोष्ट झाली. त्याआधीही वैमानिक तक्ते उघडून किफायतशीर वेग काढत होतेच. पण १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोईंग ७६७ सारख्या विमानांत फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर, म्हणजे उड्डाणाचं गणित मांडणारा संगणक, बसला आणि तो हिशेब प्रवासभर, दर क्षणी होऊ लागला. वजन घटत जातं तसा सोयीचा वेग बदलतो. समोरून वारा असेल तर जरा जास्त पळणं परवडतं, कारण त्या वाऱ्यात जितका वेळ राहू तितकं नुकसान. पाठीमागून वारा असेल तर सैल सोडायचं, वारा नेतोच आहे. हे सगळं तो डबा स्वतः करतो, फक्त वारा त्याला नीट भरून द्यावा लागतो. त्याला एकच गोष्ट माहीत नसते. मिनिटाची किंमत.

ती कुणीतरी सांगावी लागते.

आप्पा टाटाची चारशेसात, म्हणजे छोटा ट्रक, चालवायचे. बेळगावच्या मार्केट यार्डातून भाजी भरायची आणि चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरवायची. गोव्याची पानं-भाजी आमच्या भागावर किती अवलंबून आहे हे घाटात एक रात्र उभं राहिलं की कळतं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, मग म्हापसा. मी लहान असताना सुट्टीत क्लीनरच्या जागेवर बसून जायचो. ताडपत्रीखालून येणारा ओल्या कोथिंबिरीचा वास, त्यात डिझेलचा वास, घाटात ब्रेक तापल्यावर येणारा तिसराच वास. कणकुंबीच्या पुढे धुकं असायचं. जंगलातल्या वळणावर आप्पा हॉर्न द्यायचे आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला माल उजाडायच्या आत हवा असायचा. कोथिंबीर, मेथी, पालक असला तर आप्पा रस्त्यात चहालाही थांबत नसत. पानं मलूल झाली की दलाल भाव पाडायचा आणि दर मिनिटाला पाडायचा, असं आप्पा सांगायचे. कोबी-फ्लॉवर असला तर जरा दम. आणि रताळी किंवा बटाटा भरला की गाडीचा स्वभावच बदलायचा. आमच्या पश्चिम भागातली रताळी कुठं सांडणार नाहीत की कोमेजणार नाहीत. त्या रात्री आप्पा जांबोटीला उतरून भजी घ्यायचे, उताराला गाडी अलगद सोडायचे, चढाला ॲक्सिलरेटर दाबायचे नाहीत. परत येताना गाडी रिकामी, तेव्हा तर वेळेला काहीच मोल नाही. सगळा मान डिझेलला.

म्हणजे आप्पांकडे एक आकडा कधीच नव्हता. मालागणिक आकडा होता. कोथिंबिरीचा वेगळा, रताळ्यांचा वेगळा, रिकाम्या गाडीचा शून्य. त्यांनी तो कुठं लिहून ठेवला नाही, पण उजव्या पायाला तो ठाऊक होता.

आणि मिनिट कुणाचं, हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. गाडी त्यांची नव्हती. डिझेलचे पैसे मालक मोजून द्यायचा आणि महिन्याच्या शेवटी सरासरी काढून बोलायचा. माल व्यापाऱ्याचा, उशीर झाला की तो बोलायचा. मालकाला गाडी हळू हवी, व्यापाऱ्याला जोरात हवी, आणि दोघांच्या मध्ये स्टेअरिंगवर आप्पा. त्यांची झोप या हिशेबात कुठंच नव्हती. घाटातून उतरून माल खाली झाला की केबिनमध्ये ते तासभर पडायचे, तोंडावर टॉवेल टाकून. तो तास कुणीच मोजला नाही, कारण त्याचं बिल कुणालाच येत नव्हतं. मला तेव्हा त्या तासाचा आनंद वाटायचा, मी खाली उतरून बाजारातले मासे बघायला जायचो. आता तो टॉवेल आठवला की आत काहीतरी लागतं, आणि तरीही त्या फेऱ्यांइतकं सुख मला नंतर कशात मिळालं नाही हेही खरंच आहे.

विमान कंपनीच्या मिनिटात काय काय असतं, ते मग मी बारकाईने वाचलं. वैमानिक आणि केबिनमधल्या लोकांचं तासावर मिळणारं वेतन. उड्डाणाच्या तासांवर ठरणारी दुरुस्ती, इंजिनांचा तासावर लागणारा खर्च. विमान भाड्याचं असेल तर तासावर जे काही लागत असेल ते. पण विमानतळाचं उतरण्याचं शुल्क त्यात येत नाही, कारण तीन मिनिटं लवकर आल्याने ते कमी होत नाही. महिन्याचा ठरलेला पगार येत नाही. खिडकीला डोकं टेकून बसलेल्या बाईला पोरगी कधी भेटते याची घाई झाली आहे, तीही येत नाही. तिचं मिनिट हिशेबात शिरतं ते फक्त एका वाटेने, तिचं पुढचं विमान चुकून कंपनीला भुर्दंड पडणार असेल तर. हे कुणाला निर्दयपणाचं वाटेल, पण मला तसं वाटत नाही. प्रत्येकाचं मिनिट धरायचं ठरवलं तर आकडा कितीतरी वर जाईल आणि तिकीटही महागेल. आकडा ठरवणारे लोक कार्यालयात बसलेले असतात, तो आराखड्यावर छापून येतो, वैमानिक बहुतेक वेळा तोच भरतो आणि फार उशीर झाला असेल तर बदलतो. तिथेही गाडी चालवणारा आणि मिनिटाची किंमत ठरवणारा वेगवेगळा.

आता गंमत अशी की या सगळ्या आकड्यांचा परिणाम प्रत्यक्षात फार छोटा असतो. दिल्ली ते सांबरा हवेतलं अंतर साधारण चौदाशे किलोमीटर. ए३२० चा आकडा अगदी खाली ठेवला आणि मग शंभरावर नेला, तर वरच्या टप्प्यातला वेग ध्वनीच्या ०.७६-०.७७ पटीवरून ०.८० च्या आसपास सरकतो. सगळ्या प्रवासात तीन-चार मिनिटांचा फरक. कमाल पल्ल्याच्या, म्हणजे तेवढ्याच इंधनात सगळ्यात लांब नेणाऱ्या वेगाजवळ इंधनाचा आलेख जवळजवळ सपाट असतो. पल्ल्यातला फक्त एक टक्का सोडला की वेग तीन ते पाच टक्क्यांनी वाढतो. पहिली दोन-तीन मिनिटं म्हणून स्वस्तात मिळतात, पुढची महाग होत जातात, आणि शेवटचं मिनिट मिळवायला विमान अक्षरशः हवेशी झगडतं. हा उतार ज्याला एकदा दिसला त्याला ९९९ टाकून उडण्यात मजा वाटणार नाही. मला तरी वाटत नाही. वेगमर्यादेच्या लाल पट्टीला चिकटून उडणारं विमान बघितलं की मला घाटात चढाला दाबलेला ॲक्सिलरेटर ऐकू येतो.

फरक वेगात कमी जाणवतो, उतरण्यात जास्त. आकडा कमी असला की विमान लवकर खाली यायला लागतं, इंजिनं जवळजवळ शांत, नाक किंचित झुकलेलं, वेग अडीचशे-पावणेतीनशे नॉटच्या घरात. कृष्णा ओलांडून घटप्रभेच्या बाजूला येईपर्यंत ते सावकाश घरंगळत राहतं, खाली उसाचे हिरवे-करडे चौकोन. आकडा मोठा असला की ते वर रेंगाळतं आणि मग एकदम खाली झेपावतं, वाऱ्याचा आवाज वाढतो, उंची भराभर उतरते. सांबऱ्याची धावपट्टी २३०० मीटरची, गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. तिथं वेगात आलेलं विमान मंदावायला जागा लागते. म्हणून आमच्या विमानतळाला मी मोठा आकडा टाकायचं सोडलं आहे. वेळ वाचवून इथं येऊन करणार काय, दुसरं विमान पुढे उभं आहे आणि रांग लागली आहे असं सांबऱ्याला क्वचितच घडतं. ही धावपट्टी १९४२ मध्ये ब्रिटिश हवाईदलाने बांधली. हवाईदलाचं प्रशिक्षण केंद्र अजून तिथंच आहे, आणि नव्या टर्मिनलसमोर मुतग्या-मारीहाळची माणसं पोरांना कडेवर घेऊन विमान बघायला उभी असतात. त्यांच्या मिनिटाची किंमत काढायला कुठलंच सूत्र पुरणार नाही.

आमच्या भागात हद्द रोजच्या खर्चात येते, त्यामुळे इंधनाच्या दराचं गणित आम्हाला शिकवावं लागत नाही. बरीच वर्षं कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळायचं आणि कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे, निपाणीकडच्या पंपांवर कोल्हापूरकडे निघालेल्या ट्रकांची रांग असायची. विमानांचंही तेच. विमानाच्या इंधनावर जीएसटी नाही, राज्याराज्यांचा व्हॅट आहे आणि तो प्रत्येक राज्यात वेगळा. जिथं स्वस्त तिथून जास्त भरून न्यायचं, पण ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं, म्हणून त्याचाही हिशेब करायचा. आणि दर बदलला की कॉस्ट इंडेक्सही बदलायला हवा, हे बहुतेक सिमर विसरतात. इंधन महाग झालं, वेतन तेच राहिलं, तर आकडा खाली यायला हवा आणि सगळी विमानं थोडी हळू उडायला हवीत. एखाद्या जुन्या यादीतला आकडा हा त्या वर्षीच्या दराचा आकडा असतो. तो आज टाकणं म्हणजे मागच्या वर्षीच्या भावाने आज कोथिंबीर मागणं.

छोट्या उड्डाणांना मात्र मी यावर वेळ घालवत नाही. बेंगळुरू-सांबरा एवढ्या अंतरात विमान वर पोचेपर्यंत उतरायची वेळ होते. तिथं काहीही टाका.

पण लांबच्या उड्डाणाला आता मी आधी माल ठरवतो. माणसं असतील तर कोणती, कुठून आलेली, पुढे कुठं जाणारी. पहाटेचं दिल्लीचं विमान अर्धा तास उशिरा सुटलं आहे आणि त्यात परदेशी जाणारे चाळीस जण आहेत असं ठरवलं, की ६० किंवा ८० टाकायला मन तयार होतं, आणि त्या चाळीस जणांची धाकधूक मला खरोखर जाणवते. रात्रीचं शेवटचं विमान, सगळे घरी जाणारे, वेळेवर सुटलेलं, तर १५. मग मीही खुर्चीत मागे रेलतो. सिम्युलेटरमध्ये वेतन नाही, दुरुस्ती नाही, म्हणून हा आकडा निरर्थक आहे असं काहीजण म्हणतात. माझं उलटं मत आहे. खऱ्या वैमानिकाला तो ठरवून मिळतो. आम्हाला तो स्वतः ठरवता येतो, कुणाच्या वतीने उडायचं हे ठरवून मग ठरवता येतो. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये एअरबससाठी सुटे भाग घडतात, त्या रस्त्याने जाताना मला नेहमी वाटतं की इथल्या एखाद्या तुकड्याने आज कुणाचं तरी मिनिट वाचवलं असेल.

सध्या एका मालवाहू ७३७ चा बेत चालला आहे. मुंबईहून दुबई, एप्रिलमधली दुपार, माल हापूस. आप्पांना सांगितलं तर पहिला प्रश्न आला, “पिकलेला की कच्चा?” निर्यातीचा आंबा तयार पण कच्चाच निघतो, असं मी म्हणालो. मग घाई कमी, त्यांच्या मते बोईंगच्या मापाने ३० पुष्कळ झाले. मला ५० हवे आहेत, कारण दुबईला उतरल्यावर तो शीतगृहात जाईपर्यंत उन्हात किती उभा राहील याची मला खात्री नाही. आप्पांचं म्हणणं असं की ती काळजी उतरल्यावरची आहे, ती हवेत पळून भागणार नाही, त्यासाठी खाली माणूस नेमावा. शिवाय पश्चिमेला जाताना समोरून वारा असेल तर आणखी दहा वाढव, असंही त्यांनी सांगितलं. वाऱ्याचं विमान स्वतः बघतं, त्यासाठी आकडा वाढवायचा नसतो, हे मी त्यांना आकृती काढून समजावलं. त्यांना ते अजून पटलेलं नाही. आंब्याच्या पेटीत गवत किती भरतात, हे त्यांना आधी बघायचं आहे.